देहाची हांक

संस्कृतांतील 'विद्' या धातूपासून 'वेद' हा शब्द झाला, आणि त्याच धातूपासून 'वेदना' हाही झाला. वेदना म्हणजे मुळांत जाणीव. मराठींत येतां येतां तिचा अर्थ दुःखापुरता आकुंचित झाला, आणि जी गोष्ट आपणांस कांहीं कळवावयास आलेली असते, तिला आपण नुसती सोसण्याची वस्तु मानूं लागलों. हा धातु वर्गांत चालवितांना ही गंमत आम्ही कित्येक वर्षें विद्यार्थ्यांस सांगत आलों. सेवानिवृत्तीनंतर मात्र आमच्या निकटच्या माणसांत असे दोन प्रसंग घडले कीं, ती वाचकांपुढेंही मांडावी असें वाटूं लागलें.

सोसणें हा आपल्या घरांतून मोठा गुण समजला जातो, विशेषेंकरून स्त्रियांचा. 'जन्मांत कधीं डॉक्टरची पायरी चढल्या नाहींत' हें वाक्य आम्ही श्राद्धाच्या कित्येक पंगतींत ऐकलें आहे. सांगणाराचा कंठ अभिमानानें दाटून येतो. आमच्या मनांत येतें, चढल्या असत्या तर कदाचित् आजची पंगत निराळ्या निमित्तानें बसली असती!

आमच्या पूर्वाचार्यांनीं ही शिकवण दिली असें म्हणावें, तर तसेंही नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सातव्या अध्यायाचें नांवच 'नवेगान्धारणीय' असें आहे. वेग म्हणजे देहाची हांक. ती कोंडून ठेवूं नये, हा त्या अध्यायाचा विषय. असे १३ वेग तेथें सांगितले आहेत. मलमूत्रापासून शिंक, ढेंकर, जांभई, भूक, तहान, झोंप, श्रमानंतरची धाप येथपर्यंत सर्व त्यांत आलें. आणि आश्चर्य हें कीं, अश्रूही आले. पुढें लगेच दुसरी यादी येते, ती जे वेग अवश्य आवरावेत त्यांची: लोभ, शोक, भय, क्रोध, अभिमान, ईर्ष्या इत्यादि. चौकस वाचकास येथें अडखळावें लागतें. शोक आवरावा, पण आंसवें आवरूं नयेत, हें कसें काय? आम्हांस यांत विरोध दिसत नाहीं. मनाला शोकाच्या स्वाधीन होऊं न देणें निराळें, आणि डोळ्यांशीं आलेलें पाणी मागें लोटणें निराळें. आपल्याकडे बहुधा दोन्ही याद्या उलट्या वाचल्या जातात. घरांतील पुरुषाचा क्रोध मोकळा फिरतो, आणि गृहिणीची भूक, झोंप व आंसवें मात्र कोंडलेलीं असतात.

वेदना मुळींच नसती तर बरें झालें असतें, असें कोणास वाटेल. १९४६ सालीं वेलोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयांत आलेले शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनीं पुढें कुष्ठरोग्यांचे हातपाय बारकाईनें तपासले. हा रोग बोटें खातो, अशी तोंवर सर्वत्र समजूत होती. त्यांना आढळलें तें असें कीं, रोगानें मज्जातंतु बधिर होतात, आणि मग चटका बसला तरी हात मागें घेतला जात नाहीं, जखम चिघळली तरी त्याच पायावर भार दिला जातो. बोटें जातात तीं मुख्यतः या न कळण्यानें. मधुमेहाच्या जुन्या रोग्यांनीं रोज रात्रीं तळपाय तपासावे असें डॉक्टर सांगतात, त्याचें कारण हेंच.

आतां पहिला प्रसंग. आमच्या वडील बंधूंच्या सांगलीच्या घरीं देवघर माडीवर आहे. सकाळीं कळशी घेऊन वर जावयाचें, हा आमच्या वहिनींचा चाळीस वर्षांचा नेम. गेल्या वर्षीं त्यांची दाढ दुखूं लागली. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून त्यांनीं तीन आठवडे काढले. एके दिवशीं सूनबाईनें सहज विचारलें, "आई, जेवतांना दुखते का हो दाढ?"

"जेवतांना नाहीं ग. जिना चढलें कीं दुखते. घटकाभर बसलें कीं राहते."

"मग ती दाढ नव्हे," सूनबाई म्हणाली.

ती कांहीं वैद्यक शिकलेली नाहीं. बँकेंत नोकरीस आहे. परंतु चावतांना न दुखणारी आणि जिन्यावर दुखणारी दाढ तिच्या हिशेबांत बसेना. तिनें त्याच दिवशीं वहिनींना हृदयरोगतज्ज्ञांकडे नेलें. पडून काढलेला हृदयाचा आलेख निर्दोष आला. तो तसा येऊं शकतो, असें डॉक्टरांनीं सांगितलें आणि पुढील तपासणी केली. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या चिंचोळ्या झालेल्या निघाल्या. त्यांत जाळ्या बसवाव्या लागल्या. हृदयाच्या वेदना जबड्यांत, खांद्यांत, डाव्या हातांत उमटतात. स्त्रियांत आणि मधुमेही माणसांत तर छातींत कळ न येतां नुसती धाप किंवा थकवाही येतो. हांक एकाची, दार दुसऱ्याचें!

मग प्रत्येक हांकेस धांवावें काय? आमच्या शेजारचे एक तरुण गृहस्थ मनगटावर यंत्र बांधून दिवसभर आपले ठोके मोजतात, आणि रात्रीं झोंप कशी लागली हें सकाळीं त्या यंत्रास विचारतात. हें ऐकणें नव्हे, ही उलटतपासणी होय. एकदां दुखून गेलेलें दुखणें विसरावें. तेंच दुखणें त्याच निमित्तानें पुनःपुन्हा येऊं लागलें, तर तें विचारावयास योग्य झालें. छातींत अकस्मात् दडपण आलें किंवा बोलतांना जीभ अडखळली, तर मात्र दुसऱ्या खेपेची वाट पाहूं नये. दोन आठवड्यांवर टिकलेल्या खोकल्याची क्षयासाठीं तपासणी करावी, असा सरकारी आरोग्यखात्याचा दंडक आहे. मनाच्या उदासीपणाविषयींही मानसवैद्य दोन आठवडे हाच अवधि धरतात.

यावरून दुसरा प्रसंग सांगावयाचा. आमचे एक सहाध्यापक गणिताचे. पत्नी गेली तेव्हां तेराव्याच्या पंगतींत ते स्वतः वाढावयास उभे होते. सर्वांनीं त्यांचें धैर्य वाखाणलें. तिसऱ्या महिन्यांत त्यांची अन्नावरची वासना उडाली, भोंवळ येऊं लागली, पहांटे तीनलाच डोळे उघडूं लागले. सगळ्या तपासण्या निर्मळ आल्या. मानसवैद्याकडे जा, असें डॉक्टरांनीं सुचवितांच ते चिडले. तेव्हां आम्ही त्यांना तोच सातवा अध्याय दाखविला. अश्रु कोंडल्यानें सर्दी, नेत्ररोग, हृद्रोग, अरुचि आणि भ्रम होतात, असें तेथें आहे. हें सर्व शब्दशः खरें मानावें असा आमचा आग्रह नाहीं. पण अरुचि आणि भ्रम वाचून ते गप्प झाले. "उपाय काय दिलाय?" एवढेंच त्यांनीं विचारलें. उपाय तीन: निद्रा, मद्य आणि प्रिय कथा. मधला उपाय आम्हां उभयतांच्या घराण्यांत चालण्यासारखा नसल्यामुळें, आणि डॉक्टरांसही तो मान्य झाला नसता म्हणून, आम्ही तिसऱ्याचा आश्रय केला. मात्र मानसवैद्याकडे जाण्याची अट आम्ही घातली. ते गेले आणि कांहीं महिने औषध घेतलें.

रोज सायंकाळीं ते आमच्या ओटीवर येत. एकदां त्यांनीं सांगितलें कीं, पत्नी दुधाचा हिशेब दिनदर्शिकेवर लिहीत असे, बेरीज हमखास चुकत असे, आणि ती निजल्यावर तीस वर्षें ते ती गुपचूप दुरुस्त करीत. "आतां बेरीज बरोबरच येते हो," असें ते म्हणाले, आणि त्यांना पुढें बोलवेना. दिवा लावण्याच्या निमित्तानें आम्ही आंत गेलों, आणि बराच वेळ बाहेर आलों नाहीं.

गेल्या गुरुवारीं ते आमच्याकडे जेवावयास होते. आमटींत मीठ कमी आहे, अशी त्यांनीं उघड तक्रार केली. आमच्या सौभाग्यवतींना कोणी नांव ठेवलेलें खपत नाहीं. पण त्या दिवशीं त्यांनीं हंसत मिठाची वाटी पुढें सरकविली.