खांदेरीचा वेताळ आणि फरकांड्याचे मनोरे

जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नसल्यामुळे दीपगृह, म्हणजे जहाजांना रात्री वाट दाखवणारा दिव्याचा मनोरा, खानदेशी माणसाला पाहायचे तर कोकणच गाठावे लागते. थळजवळच्या खांदेरी बेटावर, जेथे शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये किल्ला बांधायला घेतला, तेथे 1867 मध्ये असे दीपगृह उभे राहिले. मात्र त्याच बेटावर वेताळाचेही ठाणे आहे. वेताळ हा लोकसमजुतीप्रमाणे भुतांचा अधिपती असल्याने नवख्या पाहुण्याला जागा झपाटलेली वाटावी हे स्वाभाविक असले, तरी कोळी समाजाच्या लेखी तो छळणारा नसून राखणदार आहे, आणि हा फरक ध्यानात न घेता रंगवलेल्या भयकथा उथळच म्हणाव्या लागतात. आघात करताच धातूसारखा नाद देणारा एक खडकही बेटावर आहे.

दगडातून उमटणाऱ्या या नादाच्या कंपावरून खानदेशी मनाला एरंडोल तालुक्यातील फरकांडे आठवते. उतावळी नदीकाठचे तेथील जोडमनोरे ‘झुलते’ म्हणून प्रसिद्ध झाले, कारण एक हलवला की दुसराही हलत असे. अहमदाबादच्या सिदी बशीर मशिदीचे मनोरेही असेच ओळखले जातात. कंप सामाईक बांधकामातून पलीकडे पोचतो, असे याचे सरळ स्पष्टीकरण देता येते. तरीही डोळ्यांदेखत मनोरा डोलताना अंगावर काटा येणारच, आणि त्यात कमीपणा कसला? पुढे फरकांड्याच्या जोडीतला एक मनोरा कोसळला, आणि दुसऱ्याला झुलायला जोडीदार उरला नाही.