पांढरी एक आणि गिटार

नातू नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि जाताना गिटार माझ्याकडे ठेवून गेला. "आजी, नुसती पडून राहील, तूच वाजवत जा!" गमतीने म्हणाला असणार, पण निवृत्त बाईंना असं काम सांगू नये. शाळेत प्रार्थनेला इतकी वर्षं पेटी मीच वाजवायचे, वाटलं, जमेल.

गाणं निवडलं बीटल्सचं 'लेट इट बी', तो सारखं लावायचा ते. १९७० साली ते आलं तेव्हा मी बी.ए.ला होते आणि बिनाका गीतमालेपलीकडे मला काही ठाऊक नव्हतं.

पण हे गाणं मुळात पियानोचं. पॉल मॅकार्टनीचा डावा हात खर्ज सांभाळतो, उजवा कॉर्ड वाजवतो. गिटारवर डावा हात तारा दाबण्यात अडकलेला, म्हणून दोन्ही कामं उजव्याकडे: अंगठ्याने खालचे सूर, बोटांनी वरचे. पहिले आठ दिवस अंगठा आणि बोटं यांचा अबोलाच होता! कॉर्ड तशा मोजक्याच, सी, जी, ए मायनर, एफ. पण एफला पहिल्या बोटाने सहाही तारा आडव्या दाबायच्या. माझ्या आखडलेल्या बोटाला ते कुठलं झेपायला? शेवटी चार तारांच्या छोट्या एफवर भागवलं.

ओळ संपताना पियानो चार पायऱ्या उतरतो. एफ, ई, डी, सी असं आठवडाभर घोकत होते. एका दुपारी पेटी काढली, पांढरी एकचा सा धरला, आणि अहो, हे तर म ग रे सा! चौथ्या तारेवर तिसरा पडदा, मग दुसरा, मग तीच तार मोकळी, शेवटी पाचव्या तारेचा तिसरा पडदा. त्याच दिवशी जमलं.

मॅकार्टनी चौदा वर्षांचा असताना, १९५६ मध्ये, त्याची आई गेली. पुढे ती स्वप्नात आली, त्याला धीर दिला, त्यातून हे गाणं झालं. हे वाचलं आणि गिटार बाजूला ठेवली. माझी आई मी अकरा वर्षांची असताना गेली. साठ-पासष्ट वर्षांत एकदाही स्वप्नात आली नाही. चेहरा फोटोमुळे आठवतो, आवाज नाही आठवत. पेटी मात्र तिचीच आहे. भाता दोनदा बदलला, सूर तेच.

असो. नातू दिवाळीला येतोय. जीवरून ए मायनरला जाताना अजून अडखळते.