किती घेता?

आपण मराठी माणसे प्रश्न विचारण्यात कधी मागे राहत नाही. गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थाचे गाव, पगार आणि मुलीचे लग्न का लांबले इथपर्यंतची सारी हकीकत पनवेल येण्यापूर्वी आपल्याला कळलेली असते. आमच्या कामोठ्यात तर नव्या बिऱ्हाडाचे सामान टेम्पोतून उतरते न उतरते, तोच ‘जागा केवढ्याला पडली?’ हा प्रश्न जिना चढून दारात उभा असतो. एक प्रश्न मात्र कोणी कोणाला विचारीत नाही. ‘किती घेता?’ पगाराविषयी नव्हे. मी पेल्याविषयी म्हणतो आहे!

दारूबद्दल आपण बोलतच नाही, असे मात्र नाही. आषाढ सरत आला की गटारीच्या विनोदांना ऊत येतो. आणि एखादा माणूस पार वाया गेला की त्याच्या नावाने आपण हळहळतोही. पण या विनोदाच्या आणि हळहळीच्या मधली जी दहा-पंधरा वर्षे असतात, ती अगदी मुकी जातात.

गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. पहिलाच प्याला घेऊ नये, हा त्याचा सांगावा. सांगावा खरा, पण ज्याचा पन्नासावा प्याला झाला आहे त्याला तो काय उपयोगाचा? सुधाकराला तळीराम भेटतो, आणि डॉक्टर मित्र रामलाल नेमका विलायतेला गेलेला! चौथ्या-पाचव्या प्याल्याला कोणी शांतपणे त्याच्याजवळ बसून ‘किती होते हल्ली?’ असे विचारले असते तर? पाच अंकांचे नाटक दोन अंकांत आटोपले असते हे कबूल. पण सिंधूचा संसार कदाचित वाचला असता.

हा प्रश्न विचारण्याचेही एक शास्त्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नॉर्वेपासून केनियापर्यंत सहा देशांत पडताळून दहा प्रश्नांची एक यादी केली. किती वेळा घेता, एका बैठकीला किती, सुरू केल्यावर थांबता येते का, सकाळी उठल्याबरोबर लागते का, कोणी काळजीने बोलले आहे का, असे साधे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. आठ गुण झाले की सावध व्हायचे. या परीक्षेत कमी गुण मिळवणारा हुशार! मौज अशी की यादी भरता भरताच पुष्कळांना आपला हिशेब प्रथम समजतो.

आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांचे असेच झाले. सकाळी मानसरोवर स्टेशनकडे धावणारे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. शनिवारची त्यांची बैठक हळूहळू बुधवारी आली, मग सोमवारीही. घरात भांडण नाही, आरडाओरडा नाही. फक्त जिन्यात बाबांचे पाऊल वाजले की मुलगी पुस्तक मिटून दिवा मालवी आणि झोपेचे सोंग घेई. पित्ताचे औषध आणायला ते दवाखान्यात गेले. रक्तदाबाची पट्टी गुंडाळता गुंडाळता डॉक्टरांनी, जेवण वेळेवर होते का, हे विचारावे त्याच सुरात विचारले, “किती दिवस घेता आठवड्यातून?” प्रवचन नाही, दरडावणी नाही. रक्तदाबाचा आणि पेल्याचा संबंध सांगितला आणि पुढे म्हणाले, “आता तुम्हाला काय करावेसे वाटते?” दहा मिनिटांचे काम! त्या दिवसापासून हे गृहस्थ स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, घेतली त्या तारखेला ठिपका देतात. पूर्ण सुटली असे नाही. पण ठिपके विरळ झाले आहेत, आणि रात्री दहाला त्या खोलीत दिवा दिसतो.

एका घरावरून नियम काढू नये, हे खरे. पण गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर हाच प्रयोग रीतसर झाला आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. बोलणारे डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. फार तर चार बैठका. तीन महिन्यांनी पाहिले, तेव्हा मागच्या पंधरवड्यात थेंबही न घेतलेले शंभरात ४२ निघाले. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यात १८. चार वेळा बोलण्याचे हे फळ काही थोडे नव्हे.

अर्थात, बोलण्यालाही मर्यादा आहे. ज्याचे हात सकाळी पेल्यावाचून थरथरतात, त्याला ‘आजच सोड’ म्हणणे धोक्याचे. एकाएकी सोडल्याने झटके येतात. त्याला डॉक्टरांच्या नजरेखालीच ठेवावे लागते. अशांसाठी १९८६ साली पुण्यात अवचट दांपत्याने ‘मुक्तांगण’ उभारले. पण तिथवर पोचण्याआधी वाटेत कितीतरी दारे लागतात, आणि एकाही दारातून कोणी हाक मारीत नाही.

वाचकहो, दिवाळीत पाहुणे येतील, मैफली जमतील. चारचौघांत हा प्रश्न विचारू नका. त्याने माणूस दुखावतो आणि खोटे बोलतो. फराळ आटोपल्यावर त्याला बाजूला घ्या, गॅलरीत उभे राहा, आणि जागेचा भाव विचारता तितक्याच सहजपणे विचारा. उत्तर आले की मध्ये बोलू नका. आपल्याला एवढेच कठीण जाते!