सात ते चार

ग्राफिक्सची शीट आली की हॉस्टेलवर काचेखाली ट्यूब लागते. जी.टी. म्हणतात त्याला, सरांनाही ठाऊक आहे. ड्राफ्टर, सेट स्क्वेअर, तीन-तीन पेन्सिली हाताशी असून रेषा मात्र दुसऱ्याची.

माझ्या कोकणातल्या आजीचं सामान बघा. जुनं वर्तमानपत्र, पट्टी आणि पेटती उदबत्ती. पट्टीने खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेवर उदबत्ती टेकवायची, की पडलं गोल भोक. कागद अंगणात ठेवून वर रांगोळी पसरायची, तळहात फिरवायचा आणि कागद अलगद उचलायचा. खाली ठिपके तयार! रांगोळीसुद्धा घरचीच असे, भाताची तुसं जाळून चाळलेली पांढरी राख. (देशावर शिरगोळ्याची पूड वापरतात.)

तिची आवडती म्हणजे ‘सात ते चार’. मधली ओळ सातची, तिच्या वर आणि खाली सहा, पाच, चार. एकूण ३७. ओळी अर्ध्या घराने सरकलेल्या, म्हणून आतल्या प्रत्येक ठिपक्याला सारख्या अंतरावर सहा शेजारी. मेटलर्जीवाल्यांनी ओळखलंच असेल, क्लोज पॅकिंगचा एक थर! याच ३७ मधून ती कधी कमळ काढते, कधी कासव, कधी नुसती षट्कोनांची जाळी. मला जाळीच आवडते, कारण ती कशासारखीच दिसत नाही.

तामिळनाडूत कोलमही असेच ठिपके घालून काढतात. त्याचे नियम गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ साली ‘अ‍ॅरे ग्रामर’ म्हणून मांडले. कॉम्प्युटरवाले ज्या ग्रामरला घाबरतात, त्याच जातीचं.

ते वाचून दिवाळीत वही घेऊन आजीपुढे बसलो. म्हटलं, नियम सांग.

“नियम कसले रे? हात जातो तसा जाऊ द्यायचा.”

न काढता सांग म्हटलं तर बोट हवेत फिरायला लागलं. तोंडाने एक वळण सांगता येईना. शेवटी ती काढत गेली, मी उतरवत गेलो. तिला आता नीट दिसत नाही. “भोकं मोठी पाड,” म्हणाली. पाडली. तरी रेषा ठिपक्याच्या बाजूने जाते, पण आकृती बरोबर मिटते, हे कसं ते मला अजून कळलेलं नाही.

वहीत चौदा झाल्या. पंधरावी तिच्या आईची. तिसऱ्या ओळीत हात थांबला, म्हणाली, “इथून डावीकडे होतं काहीतरी.” तेवढी जागा कोरी ठेवली आहे. मे महिन्यात पुन्हा बसणार आहोत.