मुलतानीसाठी हाफ डे

‘सर, शुक्रवारी हाफ डे हवाय.’

‘कुणाचं लग्नबिग्न?’

‘नाही. सवाई.’

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. गाणं ऐकायला रात्र असते ना, त्यासाठी दुपारची सुट्टी कशाला?

तसा त्यांचा प्रश्न बरोबर होता. आमच्याकडेही सवाई म्हणजे रात्रच! बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. डिसेंबरात ड्युटी संपली की बदलापूरला घरी न येता उलटे कल्याण गाठायचे आणि पुण्याची गाडी पकडायचे. पिशवीत शाल, थर्मास आणि अंथरायला चादर. ‘वर्षातून तीन रात्री ह्यांना घर नसतं,’ असं आई अजून सांगते. रागाने की कौतुकाने, ते मला नीट कळलेलं नाही.

पंडित भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ 1953 मध्ये हा महोत्सव सुरू केला. गुरूच्या पुण्यतिथीचं घरगुती म्हणावं असं निमित्त, आणि बघता बघता मांडवात हजारो माणसं बसायला लागली. रमणबागेच्या मैदानावर रात्रभर गाणं चालायचं. शेवटच्या पहाटे खुद्द भीमसेन गायचे, मग सवाई गंधर्वांची भैरवीची रेकॉर्ड लागायची आणि माणसं डोळे चोळत घरी जायची. पंडितजी 2011 च्या जानेवारीत गेले आणि महोत्सवाच्या नावात गुरूशेजारी शिष्याचंही नाव आलं. 2018 मध्ये रमणबागही सुटली आणि मुक्काम मुकुंदनगरच्या मोठ्या मैदानावर हलला.

पण खरी उलथापालथ केली ती घड्याळाने. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. उघड्यावरचा लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद. खास परवानगी मिळालेल्या दिवशी फार तर बारापर्यंत. रात्र गेली, मग महोत्सव दिवसाकडे पसरला. तीन रात्रींचे पाच दिवस झाले आणि गाणं दुपारीच सुरू व्हायला लागलं.

बाबा यावर कायमचे रुसलेले. ‘दहाला उठायचं म्हणजे दरबारी कधी ऐकायचा? मालकंस कधी?’ अंबरनाथला आमच्या 1060 सालच्या शिवमंदिरापाशी आर्ट फेस्टिवल सुरू झाला, तेव्हा तिथल्या गर्दीतही त्यांचं तेच पालुपद. ‘छान आहे रे, पण सवाईची रात्र...’

म्हणून यंदा मीच म्हटलं, ‘बाबा, चला. तुमचे गुडघे दुखतात तर खुर्चीची तिकिटं काढतो.’ कुरकुरत आले. भारतीय बैठकीकडे हळूच बघत खुर्चीत बसले.

दुपार कलायला आली होती. मांडवात माझ्यासारखेच लॅपटॉपची बॅग पायाशी ठेवलेले बरेच जण. स्टेजवरच्या गायिकेने मुलतानी सुरू केला. बाबा एकदम गप्प झाले. वाद्यं जुळवतानाही कॉमेंट करणारा हा माणूस तासभर हललाही नाही.

टाळ्या थांबल्यावर म्हणाले, ‘अरे, हा राग मी समोर बसून कधी ऐकलाच नव्हता. रेडिओवर ऐकला असेल रविवारी. पण दिवसाच्या चौथ्या प्रहरातला हा राग. त्या वेळी मी कायम मशीनवर.’

माझ्या डोक्यात ते कधी आलंच नव्हतं. तेहेतीस वर्षं या माणसाच्या वाट्याला गाण्याची फक्त रात्रच आली होती. दुपार फॅक्टरीची होती. दरबारी हातचा गेला हे खरं, त्याची भरपाई नाही. पण वाढता वाढता महोत्सव बाबांची राहिलेली दुपार घेऊन आला होता.

परतताना कर्जतच्या पुढे गाडीत बाबा काहीतरी गुणगुणत होते. सूर जरा चुकत होते. मी सांगितलं नाही.

सोमवारी साहेबांनी विचारलं, ‘काय, झालं का गाणं?’

म्हटलं, ‘हो सर. बाबांचं एक जुनं काम राहिलं होतं, ते झालं.’