थोडक्या चिन्हांची भाषा

संगणकास आज्ञा देण्याच्या भाषा आज पुष्कळ आहेत. त्यांपैकीं बहुतेकींत एकेका आंकड्यास हातीं धरून चालवावें लागतें. ‘जे’ ह्या एकाक्षरी नांवाच्या भाषेंत मात्र आज्ञा सबंध रांगेस दिली जाते. आमच्या औंढा नागनाथांत ही भाषा जाणणारा दुसरा कोणी मला अद्याप भेटला नाहीं. तिच्याशीं चाललेला माझा झगडा आणि तिनें दिलेला आनंद विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावा असें वाटतें.

तिचे जनक केनेथ आयव्हर्सन हे कॅनडांतील. १९२० सालीं जन्मलेल्या ह्या गृहस्थांस नववी इयत्तेनंतर शाळा सोडून शेतावर राबावें लागलें. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनीं शिक्षण पुरें केलें. १९६२ सालीं त्यांनीं आपली चिन्हभाषा ग्रंथरूपानें मांडली. तीच पुढें ‘एपीएल’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिचीं चिन्हें साध्या कळफलकावर नसत. म्हणून १९९० सालीं रॉजर हुई ह्यांच्या साहाय्यानें त्यांनीं ‘जे’ रचिली.

नमुना पाहा. ‘+/’ म्हणजे सर्वांची बेरीज, ‘#’ म्हणजे गणती, आणि ‘%’ म्हणजे भागाकार. हीं तिन्ही ‘(+/ % #)’ अशीं ओळीनें ठेविलीं कीं सरासरी झाली. ४ ६ ८ ह्यांची सरासरी ६ येते. आरंभीं वजाबाकीचें चिन्ह घालून ‘(- +/ % #)’ असें लिहिलें, तर प्रत्येक आंकडा सरासरीहून किती दूर आहे तें कळतें: उणे २, ०, २.

आतां त्रास ऐका. शाळेंत १० - ३ - २ ह्याचें उत्तर ५ असें शिकवितात. ‘जे’ उजवीकडून हिशेब करिते, म्हणून ९ म्हणते. एकच चिन्ह एकटें असतां एक अर्थ सांगतें, दोन आंकड्यांच्या मध्यें दुसरा. महिन्यापूर्वीं लिहिलेली स्वतःचीच ओळ वाचतांना मोडी दप्तर उघडल्याप्रमाणें एकेक अक्षर लावावें लागतें. एका शिक्षक मित्रांस मीं वर्गाच्या गुणांचा हिशेब करणारी दीड ओळ लिहून दिली. ते म्हणाले, “उत्तर बरोबर असेल हो, पण तुम्ही नसतांना हें तपासणार कोण?” त्या प्रश्नानें मला पुष्कळ दिवस अस्वस्थ केलें. तेव्हांपासून प्रत्येक ओळीखालीं तिचा अर्थ सरळ मराठींत लिहिण्याचा नेम ठेविला आहे. ओळीस दोन मिनिटें लागतात, अर्थास वीस.

आनंद मात्र त्रासाहून मोठा आहे. आमच्या घरच्या वडील मंडळींस पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी मुखोद्गत असत. एके दिवशीं ‘०.२५ ०.५ ०.७५ १.२५ १.५ */ १ २ ३ ४’ एवढें लिहितांच पांचही पाढ्यांचे आरंभ एकाखालीं एक उभे राहिले. पाठांतरांत वेगळाले वाटणारे हे पाढे एकाच गुणाकाराचीं रूपें आहेत, हें डोळ्यांस दिसलें.

औंढ्याजवळ दुधाळा येथें ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अशा वेधशाळेंतून काय निघतें? आंकड्यांच्या लांबच लांब रांगा. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील दोन वेधशाळांनीं पहिली लहर टिपली. तिचे आंकडे, सेकंदास ४,०९६ ह्या प्रमाणानें, सर्वांस खुले आहेत. त्यांतील ३२ सेकंदांचे १,३१,०७२ आंकडे मीं घेतले आणि ४ ६ ८ ह्यांस दिलेलीच आज्ञा, एकही चिन्ह न बदलतां, त्यांस दिली. ती तितक्याच सहज चालली. लहर शोधून काढण्यास ह्याहून पुष्कळ शास्त्र लागतें. तरी तीन आंकड्यांवर नीट केलेला विचार लाखांस पुरला, तेव्हां मोहरीच्या दाण्याचा दृष्टांत आठवल्यावांचून राहिला नाहीं.

मुलांनो, ‘जे’ शिकाच असा माझा आग्रह नाहीं. तिनें नोकरी मिळेल असें वचनही मी पालकांस देत नाहीं. परंतु संगणकाची कोणतीही भाषा शिकाल, तेव्हां काम आधीं पाटीवर तीन आंकड्यांनीं करून पाहा; आणि केलेलें काम शेजारच्या बाकावरील मुलास तपासतां येईल अशा मराठींत लिहून ठेवा.