वाण्याची यादी

सत्तरच्या दशकात डोंबिवली-ठाण्याकडे ज्यांनी बिऱ्हाडं थाटली, त्या आम्हा सगळ्याजणींच्या संसाराची खरी हकीकत वाण्याच्या यादीत सापडते.

पहिल्या वर्षीची यादी दोन माणसांची होती. पैसे बेताचे, आणि पैसे असले तरी माल कुठे होता? १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो नावाची ज्वारी आली, तिच्या तांबड्या भाकऱ्या आम्ही थापल्या. राकेलच्या रांगेत डबा ठेवून स्वयंपाकाला पळत यायचं. महागाईविरुद्ध मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या मागे लाटणी घेऊन निघालेल्या बायका आमच्यातल्याच. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली आणि शेजारपाजारची घरं संघ करून महिन्याचा माल एकत्र मागवू लागली. वाटपाच्या दिवशी एकीच्या घरी तूरडाळीची, साखरेची पुडकी मांडलेली असत. भाव विचारायचा, वजन पाहायचं, हे धाडस आम्ही तिथे शिकलो.

पाळणा हलला तशी यादीत अळीव, डिंक, खारीक, बाळंतशेपा आली. मग मुलं शाळेत गेली आणि तेल, गूळ, शेंगदाण्यांचे आकडे चढत गेले. मे महिन्यात वर्षाचा गहू भरायचा, तांदळाला बोरिक पावडर चोळायची. युनिफॉर्म वाढत्या अंगाचा शिवायचा, म्हणजे पुढल्या जूनलाही चालतो. सोनं मात्र यादीत कधी दिसलं नाही. ते भिशीच्या पैशांतून, मुलीच्या नावाने, गुंजेगुंजेने जमत होतं.

१९९१ नंतर दुकानं भरली. मुलं कमावती झाली, हप्त्यांवर टीव्ही आणि फ्रिज आणू लागली. आम्ही हप्त्याला कर्जच म्हणत होतो, अजूनही म्हणतो.

सगळ्यात जड गेलं ते यादी लहान करणं. मुलं पुण्याला, बंगळुरूला, न्यू जर्सीला गेली, तरी हात पाच किलोच लिहीत राहिला. रव्यात अळ्या झाल्या, पोहे खवट झाले. कितीतरी महिन्यांनी साखर अर्धा किलोवर आली आणि इसबगोल, नाचणीचं सत्त्व यादीत शिरलं. थोडकं आणणं हे कुणी शिकवलेलंच नव्हतं. सासूबाईंच्या काळात घर कधी इतकं रिकामं झालंच नव्हतं.

आता खरेदी मुलं करतात. तिकडून फोन येतो, "आई, काय संपलंय?" आम्ही म्हणतो, "काही नको रे," तरी संध्याकाळी पिशवी दारात येते. तिच्यात त्यांना आठवणारं आमचं घर असतं: डॉक्टरांनी बंद केलेली बिस्किटं, दोघांना वर्षभर पुरेल इतका चहा. म्हणून हल्ली आमच्यातल्या बऱ्याचजणी यादी स्वतः लिहून व्हॉट्सॲपवर धाडतात. पैसे मुलांचे असले तरी किती किलो, ते आम्हीच ठरवतो.